वर्षातल्या किती रात्री घरात?

डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, धारूर, वडवणी किंवा पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर गेलात तर ओळीनं कुलपं दिसतील. घरं पक्की आहेत, भिंतीवर योजनेचं नाव आणि मंजुरीचं वर्ष रंगवलेलं आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरात कुटुंबाची नोंद आहे. कुटुंब मात्र कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या उसाच्या फडाजवळ, ऊसतोडीसाठी, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत आहे. दसरा-दिवाळी उरकून निघालेली ही माणसं पाडव्याच्या आसपास परततील. सरकारी तक्त्यात हे कुटुंब पक्क्या घरात राहतं. मग त्याला बेघर म्हणता येईल का?

घर मिळाल्यानं माणसाची तब्येत, झोप, मन आणि लेकरांची शाळा यांत किती फरक पडतो, यावर गेल्या तीसेक वर्षांत जगभर बरंच काम झालंय. ते मराठवाड्यात उपयोगी पडायचं असेल तर इथला बेघर माणूस नेमका कोण, हे आधी ठरवावं लागतं. आमचं म्हणणं असं, की त्यासाठी माणसाच्या रात्री मोजाव्या लागतात. नुसती छपरं मोजली की निम्मा प्रश्न नजरेआड होतो.

एका रात्रीची मोजणी

जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे जो कुठल्याही 'घर' म्हणून क्रमांक दिलेल्या बांधकामात राहत नाही तो. रस्त्याकडेला, फूटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, देवळाच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर झोपणारा. २०११ साली ही माणसं २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजली गेली. देशाचा आकडा १७ लाख ७२ हजारांच्या आसपास आला. त्यातले सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते, उरलेले खेड्यांत. महाराष्ट्रात दोन लाखांहून थोडे जास्त.

आता ती तारीख मराठवाड्याच्या नजरेनं बघा. फेब्रुवारीअखेर साखरेचा हंगाम चालू असतो. फडावरची कोपी म्हणजे घर की उघडा मुक्काम, हे समोर उभ्या प्रगणकानं ठरवायचं. वर पाचटाचं छप्पर आहे, दाराच्या जागी साडी बांधली आहे, म्हणून त्यानं क्रमांक देऊन टाकला की ते कुटुंब 'कच्च्या घरात' जमा झालं, आणि तेही कारखान्याच्या जिल्ह्यात. क्रमांक दिला नाही तर बेघर, पण तोही त्याच जिल्ह्याच्या खात्यावर. बीडच्या तक्त्यात दोन्ही वेळा काहीच दिसत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ-दिवस १ मार्च २०२७ ठरलेला आहे, म्हणजे पुन्हा हंगामातच.

एका रात्रीच्या मोजणीत आणखी एक खोट आहे, आणि ती साध्या गणिताची आहे. जो माणूस वर्षभर उघड्यावर आहे तो त्या रात्री सापडणारच. जो वर्षात एकच महिना उघड्यावर होता, तो सापडण्याची शक्यता बारात एक. त्यामुळे अशी मोजणी कायम रस्त्यावर असणाऱ्यांचं प्रमाण फुगवून दाखवते आणि ये-जा करणाऱ्यांना झाकून टाकते. बायका तर हमखास सुटतात, कारण उघड्यावर झोपावं लागलेली बाई कुणाला दिसणार नाही अशीच जागा शोधते.

युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघानं २००५ साली यावर एक चौकट सुचवली. तिच्यात बेघरपणाचे चार थर आहेत. पहिल्या थरात छप्परच नाही. दुसऱ्यात छप्पर आहे पण ते घर नव्हे, म्हणजे निवारागृह, आश्रम, रुग्णालयाची खाट. तिसऱ्यात घर आहे पण कधी निघावं लागेल याचा भरवसा नाही. चौथ्यात घर आहे पण राहण्याजोगं नाही. ही चौकट इथं लावली की ओळखीची माणसं दिसू लागतात. नांदेडच्या स्टेशनाबाहेर झोपणारा पहिल्या थरातला. गायरानात वीस वर्षं घर करून राहिलेला, दर दोन-तीन वर्षांनी अतिक्रमणाची नोटीस हातात पडणारा तिसऱ्यातला. नवऱ्यानं सोडलेली, भावाच्या घरी पडवीत राहणारी बाई पण तिसऱ्यातलीच, मग भावाचं घर कितीही पक्कं असो. पालावर राहणारी भटकी कुटुंबं पहिल्या आणि चौथ्या थराच्या मधे कुठेतरी. ऊसतोड मजूर मात्र या चौकटीत नीट बसत नाही, कारण तो नोव्हेंबरात एका थरात असतो आणि मेमध्ये दुसऱ्या.

स्वास्थ्य कसं मोजतात

'बरं वाटतं का' असं विचारून आकडा निघत नाही, आणि आकडा नसला तर घर मिळण्याआधीची आणि नंतरची तुलना होत नाही. म्हणून काही ठरावीक प्रश्नावल्या वापरतात. त्यातली सर्वांत सुटसुटीत जागतिक आरोग्य संघटनेची, पाचच प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात हुशारी होती का, सकाळी उठल्यावर झोप पुरी झाल्यासारखं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरीज २५ पर्यंत जाते, तिला चारनं गुणलं की शंभरातला आकडा मिळतो. पन्नासच्या खाली आला तर त्या माणसाशी सविस्तर बोलायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. तो रोगाचा दाखला नव्हे.

इथं गफलत होते ती 'गेल्या दोन आठवड्यांत' या शब्दांमुळे. हीच प्रश्नावली जानेवारीत फडावर भरली आणि मेमध्ये गावात भरली तर एकाच बाईचे दोन वेगळे आकडे येतात, आणि दोन्ही खरे असतात. दुसरी गफलत जागेची. सासूसमोर, मुकादमासमोर किंवा ज्याच्या घरी आसरा घेतला आहे त्याच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाला 'बरं चाललंय' हेच उत्तर मिळतं. चौथा प्रश्न, झोपेचा, आमच्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर देतो. झोप लागत नाही हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

झोपेवर चेन्नईत झालेला एक अभ्यास इथं आठवावा. कमी उत्पन्नाची माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असूनही प्रत्यक्षात साडेपाच तासच झोपतात, असं मनगटावरच्या यंत्रांनी दाखवलं. मग त्यांना उशा, पंखे, कानाचे बोळे, सल्ला वगैरे देऊन रात्रीची झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढवली. कामात किंवा मनःस्थितीत काही फरक पडला नाही. त्याच माणसांतल्या काहींना कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्धा तास झोपू दिलं, तेव्हा काम सुधारलं आणि मनही. म्हणजे घड्याळातली मिनिटं वाढवून भागत नाही. गोंगाट, डास, उकाडा आणि उठवलं जाण्याची धास्ती यांत मोडत-मोडत लागलेली झोप फारशी कामी येत नाही. उघड्यावर किंवा कोपीत झोपणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा तसलीच झोप येते.

घर मिळालं की काय बदलतं

हे शोधणं वाटतं त्याहून अवघड आहे. ज्यांना घरकुल मिळालं त्यांची तुलना न मिळालेल्यांशी करून चालत नाही. मिळालेल्यांकडे बहुधा जागेचा कागद होता, पंचायतीत ओळख होती, हप्त्याच्या वेळी गावात हजर राहता आलं. ही माणसं घर न मिळताही थोडी बऱ्या स्थितीतच असती. म्हणून अभ्यासक अशा जागा शोधतात जिथं घर कुणाला मिळालं हे नशिबानं, सोडतीनं किंवा सरहद्दीच्या रेषेनं ठरलं.

मेक्सिकोत अशी एक रेषा सापडली. एकाच शहरपट्ट्याचा काही भाग एका राज्यात, काही शेजारच्या राज्यात. एका राज्याच्या सरकारनं मातीची जमीन असलेल्या घरांत सिमेंटचा कोबा करून दिला, दुसऱ्यानं नाही. बाकी वस्त्या सारख्याच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा हिशेब असा, की घरातली सगळी मातीची जमीन जाऊन सिमेंट आलं तर लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, हगवण ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. आयांच्या नैराश्याचे गुणही निम्म्याहून खाली आले. कारण सरळ आहे. रांगणारं लेकरू मातीतून हात तोंडात घालतं, मातीत विष्ठेचा अंश आणि जंतांची अंडी टिकतात, कोबा मात्र पुसता येतो.

मराठवाड्यात या निष्कर्षाला एक पुरवणी जोडावी लागते. मेक्सिकोतल्या त्या बहुतेक घरांच्या आवारात नळ होता. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण बघितलंय. पाणी विकत घेणाऱ्या घरात कोबा रोज पुसला जात नाही. तरीही शेणानं सारवलेल्या जमिनीपेक्षा कोबा केव्हाही बरा, आणि खर्चाच्या मानानं दुसरं काही इतकं देत नाही. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलं, तीन इंच जाडी धरली, तर सुमारे १.९ घनमीटर काँक्रीट लागतं. सिमेंट, वाळू, खडीच्या १:३:६ या प्रमाणाला आठ-नऊ गोण्या सिमेंट. बिघडतं ते खाली. काळ्या मातीवर सरळ कोबा ओतला की ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दोन वर्षांत कोबा तडकतो. तडा गेला की तिथं घाण साचते, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच गेलं. काळी माती काढून मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून चोपायचा, मगच कोबा. आणि निदान सात दिवस ओला ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये याच शेवटच्या पायरीला पाणी कमी पडतं, म्हणून जमलं तर हे काम हंगामाला निघण्याआधी, भाद्रपद-आश्विनात उरकावं.

एल साल्वादोर, मेक्सिको आणि उरुग्वेमध्ये झोपडीवासीयांना १८ चौरस मीटरची तयार घरं दिली गेली. आत संडास नाही, नळ नाही, स्वयंपाकघर नाही. घर कुणाला, हे सोडतीनं ठरलं. लोकांचं समाधान स्पष्ट वाढलं. पण सरासरी आठ महिन्यांनंतर त्या वाढीतला साठ टक्के भाग ओसरला होता. माणूस सवयीचा होतो. म्हणून घराचा ताबा दिल्यावर पंधरा दिवसांत घेतलेल्या 'लाभार्थी समाधानी' अशा सर्वेक्षणाला फारसा अर्थ नसतो. आठ-दहा महिन्यांनी, त्यातही एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर विचारायला हवं.

आणि अहमदाबाद. १९८७ साली विडी वळणाऱ्या बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं चांगली होती, पण वस्तीपासून बारा किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी पाहिलं तर ३४ टक्के विजेत्या तिथं राहायला गेल्याच नव्हत्या आणि ३२ टक्के जाऊन परत आल्या होत्या. उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या भवितव्यात फरक नाही. अडीनडीला ज्याच्याकडे हात पसरावा असं माणूस मात्र विजेत्यांना कमी उरलं होतं. गाव किंवा शहराच्या कडेला स्वस्त जागा बघून वसाहत उभारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं हा अभ्यास आधी वाचावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

किल्लारीनंतरची घरं

हा धडा आपल्या मातीतही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. अनंत चतुर्दशी नुकतीच सरली होती, विसर्जन करून गावं झोपली होती. माणसं मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसायची, पण ती मुळात दोन पातळ भिंतींची होती. आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि कपच्या. दोन्हींना सांधणारा आरपार दगड घातलेलाच नसायचा. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर, आणि गळती थांबवायला दरवर्षी त्यावर आणखी माती. धक्का बसला, भिंतीची दोन पदरं सुटली, आणि मातीचा ढीग खाली आला.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. गावं चौकटीसारखी आखली, रस्ते रुंद, घरं सुटी. भूकंपापासून जीव वाचवणारी घरं झाली यात शंका नाही. पण गाव पसरलं. बोळ गेले, आणि बोळात उभं राहून होणाऱ्या गप्पा गेल्या. चावडी, पार, देऊळ, शेत यांचं अंतर वाढलं. म्हाताऱ्या माणसाला ते अंतर सर्वांत आधी कळतं. शिवाय जमिनीच्या मापानं घर दिल्यामुळे जुनी उतरंड नव्या गावात सिमेंटनं पक्की झाली.

माळवद थंड असायचं. जाड माती दिवसभराची उष्णता आत येऊ देत नाही. भीतीपोटी आणि खर्चापोटी त्याची जागा पत्र्यानं घेतली. पत्रा पडला तर माणूस मरत नाही, पण मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि रात्री नऊ-दहापर्यंत आत झोपवत नाही. आयुष्यात एकदा येणारा धोका आणि दरवर्षी येणारा जाच, या दोन्हींना एकदम उत्तर द्यायला हवं होतं. जुन्या घरासाठी ते उत्तर आजही आहे. छतावरची जादा माती उतरवायची, भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून लोखंडी सळईसह सिमेंटचे आरपार टाचे भरायचे, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके आधार द्यायचे. घर थंडही राहतं आणि कोसळण्याचा धोका बराच उतरतो.

स्लॅबच्या घराला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारले तरी आतला उकाडा दोन-तीन अंशांनी उतरू शकतो. चुन्यात थोडा डिंक मिसळावा, नाहीतर तो भुकटी होऊन उडतो. पावसानं धुपतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. पत्र्यावर चुना धरत नाही. तिथं आधी प्रायमर, मग बाहेरचा पांढरा रंग. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो हे खरं, पण शोषलेली उष्णता तो लवकर बाहेर सोडत नाही, पांढरा रंग सोडतो. पत्र्यावर कडबा किंवा पाचट पसरून ठेवतात, तेही थंडावा देतं, पण चुलीची एक ठिणगी पुरते.

कोपीतले पाच महिने

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. कोपी बांबू-काठ्या, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाची. आत उभं राहिलं तर डोकं टेकतं, कुलूप लावता येत नाही, आणि ती पाण्याच्या जवळ नसते तर उसाच्या जवळ असते. बाई पहाटे तीन-चारला उठून अंधारात उघड्यावर जाऊन येते, स्वयंपाक करते, फडात जाते. मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरते. गाडी रात्री कधी भरायची हे कारखान्याच्या नंबरावर.

बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहात एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांचं देशपातळीवरचं प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, म्हणून किती पट ते सांगू नये. पण संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विसावा घेतला तर खाडा, अंगावर काढलेला संसर्ग आणि पिशवी काढण्याचा सल्ला देणारा दवाखाना, ही साखळी आता सगळ्यांना माहीत झाली आहे. तिची पहिली कडी राहण्याच्या जागेची आहे. फडावर फिरतं शौचालय, आडोशाची मोरी आणि कुलूप लागणारी एक पेटी हे निवाऱ्याचेच भाग आहेत, आणि तिथं आधी खर्च व्हायला हवा.

गावातल्या घरकुलावरही हंगामाची सावली पडते. अनुदानाचे हप्ते जोतं, छत, पूर्ण घर अशा टप्प्यांवर मिळतात, आणि प्रत्येक टप्प्याचा जागेवरचा फोटो लागतो. नोव्हेंबरात जोतं झालं आणि माणूस फडावर गेला की पुढचं सगळं एप्रिलपर्यंत थांबतं. तोवर वाळू-सिमेंटचे भाव चढतात, उघडं जोतं झिजतं, आणि राहिलेलं घर पुरं करायला पुढच्या हंगामाची उचल वाढवून घेतली जाते. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला कमाल एक लाख रुपये मिळतात. मात्र ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा असा समज सगळीकडे आहे, तो चूक आहे. ती कर-आकारणीची नोंद. गावठाणात ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागली आहे, पण गायरानातलं घर गावठाणाबाहेर असतं, त्याला ती मिळत नाही.

आधी घर की आधी सुधारणा

पहिल्या थरातल्या माणसाबद्दल, त्यातही मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल, जुनी समजूत अशी की आधी औषधं, आधी व्यसनमुक्ती, मग घर. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञानं ती उलटी केली. आधी घर द्यायचं, अट कसलीच नाही, मग सोबतीला माणसं. कॅनडानं २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर याची चाचणी घेतली. भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं नाही. शेवटच्या सहा महिन्यांत 'आधी घर' गटातले ६२ टक्के सतत घरात होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्यांतले ३१ टक्के. जगण्याचा दर्जा थोडा सुधारला. आजाराची लक्षणं आणि व्यसन यांत मात्र दोन गटांत मोठा फरक दिसला नाही. म्हणजे घर हे औषध नव्हे, पण घर द्यायला आजार बरा होण्याची वाट पाहण्याचंही कारण नाही.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो, की केवळ घर किंवा नातेवाईक नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं काम आहे. शहरातल्या निवारागृहांचा निकष एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, माणशी ५० चौरस फूट, आणि वर्षभर चोवीस तास खुला. बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. आधार कार्ड मागितलं जातं, बायकांची सोय वेगळी नसते, सामान ठेवायला जागा नसते, किंवा निवारा मजूर-अड्ड्यापासून इतका लांब की रिक्षाला पैसे घालण्यापेक्षा अड्ड्यावरच झोपलेलं परवडतं.

रात्रींचं कॅलेंडर

कॅनडातल्या अभ्यासात प्रत्येक माणसाच्या मुक्कामाचं कॅलेंडर भरून घेत होते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठे झोपला ते. हेच साधन थोडं बदलून इथं वापरता येतं. आशाताई, शाळेचे गुरुजी, एखादं महिला मंडळ, कुणीही ते भरू शकतं.

तारखा लोकांच्या लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून दसरा, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र, होळी, पाडवा, गावची यात्रा आणि पोळा आधी कागदावर मांडून घ्यावेत, आणि दोन सणांमधला मुक्काम विचारावा. पण वर्ष पाडवा ते पाडवा धरलं तर एक चकवा आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ३८४ रात्री भरतात. म्हणून शेवटी टक्केवारी काढावी, नुसते आकडे एकमेकांशी ताडू नयेत. दर तीन महिन्यांनी भरलं तर आठवण चुकत नाही. वर्षाचं एकदम विचारलं तर मधले छोटे मुक्काम गळतात, आठ दिवस माहेरी, चार दिवस दवाखान्याच्या आवारात रुग्णाजवळ.

कागद कुटुंबाचा नको, माणसाचा हवा. एकाच घरातली मुलगी संक्रांतीपर्यंत आजीजवळ आणि मग फडावर असते, मुलगा हंगामी वसतिगृहात, आईबाप पाच महिने कोपीत. प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी लिहाव्या. डोक्यावर छप्पर होतं का, कुलूप लावता येत होतं का, संडास आणि पाणी किती पावलांवर, आणि तिथं कुणाच्या मर्जीनं राहत होता.

समजा एक बाई ५ नोव्हेंबरला निघाली आणि १० एप्रिलला परतली. कोपीतल्या रात्री १५६, वर्षाच्या जवळपास ४३ टक्के. मग १५ एप्रिल ते १० जून ती उकाड्यामुळे अंगणात झोपली, या रात्री ५७. पक्क्या घराच्या आत ती वर्षात १५२ रात्रीच झोपली. अंगणातल्या रात्रींना बेघर म्हणायचं नाही, दार आणि संडास जवळच आहे. पण त्यांचा वेगळा रकाना ठेवावा, कारण त्या पत्र्याच्या नावावर आहेत आणि रंगाच्या दोन हातांनी त्यातल्या काही कमी करता येतात. कोपीतल्या १५६ रात्रींचं उत्तर वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या जिल्ह्यात आहे.

स्वास्थ्याचे पाच प्रश्न याच कागदाच्या मागच्या बाजूला असावेत, वर्षातून निदान दोनदा विचारावेत, एकदा हंगामात आणि एकदा गावात. बाईला बाईनंच विचारावं, एकटीला.

शेवटचा प्रश्न पुढच्या काळाचा ठेवावा. आजपासून तीन महिन्यांनी कुठे झोपाल? गायरानातला माणूस, भावाकडे राहणारी बहीण, पालावरचं म्हातारं जोडपं इथं गप्प होतात. ती जागा कोरी सोडू नये आणि अंदाजानं गावाचं नावही भरू नये. 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहावं, आणि अशी उत्तरं किती आली ते वेगळं मोजावं.